महागडी वस्तू आणि अनोळखी गिऱ्हाईक

आजचा विषय तुमच्याकडूनच आला आहे. आपल्या प्रेक्षकांत बदलीच्या नोकरीतली माणसं बरीच आहेत. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी लष्करात. बडोद्याहून हैदराबादला जायचं ठरतं, आणि मग फ्रिजपासून मोटारसायकलपर्यंत सगळं आठ दिवसांत ऑनलाइन विकायची घाई होते. दुसऱ्या बाजूला घरी बसून पैठण्या, चांदीची भांडी, तंबोरे-हार्मोनियम विकणाऱ्या ताई आहेत. दोघांची अडचण मात्र सारखीच. समोरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच बोलतोय, वस्तू पन्नास-साठ हजारांची आहे, मग विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

माझं उत्तर असं, की माणसावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवा. बहुतेक गिऱ्हाइकं तुमच्या-आमच्यासारखी साधीच असतात. पण व्यवहार असा बांधायचा की माणूस चांगला निघो की वाईट, वस्तू आणि पैसा दोन्ही एकदमच हातातून गेले असं होऊ नये.

एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही ती शिकवतात. साल १९१८, शहर लंडन. फिलिप्स नावाच्या सराफाच्या दुकानात एक रुबाबदार गृहस्थ आले. त्यांनी मोती आणि एक अंगठी पसंत केली, ३००० पौंडांचा धनादेश लिहिला आणि म्हणाले, "मी सर जॉर्ज बुलो." पत्ताही सांगितला. सराफ काही भोळा नव्हता. त्याने पत्त्यांची डिरेक्टरी काढून पाहिलं, तर सर जॉर्ज बुलो खरोखरच त्या पत्त्यावर राहत होते. मग गृहस्थ म्हणाले, मोती चेक वटल्यावर द्या, पण उद्या बायकोचा वाढदिवस आहे, अंगठी तेवढी आत्ता नेतो. सराफाने दिली. चेक वटला नाही. तो माणूस सर जॉर्ज नव्हताच. त्याने ती अंगठी एका सावकाराकडे गहाण टाकून ३५० पौंड उचलले होते. सराफ कोर्टात गेला, आणि १९१९ साली हरला. सावकाराने अंगठी प्रामाणिकपणे गहाण घेतली होती, त्यामुळे कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

आता बघा, सराफाने चौकशी केली नव्हती का? केली होती. पण त्याने तपासलं काय? सर जॉर्ज नावाचा माणूस आहे की नाही, एवढंच. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे तपासलंच नाही. शंभर वर्षांनंतर आपण व्हॉट्सॲपवर आलेला आधार कार्डाचा फोटो बघतो आणि निश्चिंत होतो, तेव्हा अगदी हेच करत असतो. कार्ड खरं असू शकतं, पण ते तिसऱ्याच कुणाचं तरी असतं. लष्करी जवानाचं ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्ड पाठवून फसवणाऱ्यांचे किती गुन्हे नोंदले गेलेत ते पोलिसांना विचारा. खऱ्या जवानांना त्याचा केवढा मनस्ताप होतो! आणि "बायकोचा वाढदिवस"ही नीट लक्षात ठेवा. घाईचं गोड कारण तेव्हाही होतं, आजही असतं: उद्या पोस्टिंगवर निघायचंय, मुलीचा वाढदिवस आहे, गाडी खाली उभी आहे.

आपल्याकडचा कायदाही याच वळणाचा आहे. मालविक्रीचा आपला कायदा १९३० सालचा. त्याच्या २९ व्या कलमाचा अर्थ थोडक्यात असा: तुम्हाला फसवून कुणी वस्तू विकत घेतली आणि तुम्ही तो सौदा रद्द करायच्या आत ती दुसऱ्या एखाद्याला विकली, आणि त्या दुसऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसेल, तर वस्तू त्याची होऊ शकते. म्हणजे चोरीला गेलेली वस्तू आणि फसून आपल्याच हाताने दिलेली वस्तू, या दोन्हींत फरक आहे. तेव्हा "पोलिसांत गेलो की परत मिळेल" या भरवशावर वस्तू हातची सोडू नका.

आता पैशाकडे येऊ. "पैसे आले" हे दोन शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हिरवी खूण दिसली म्हणजे पैसे आले नाहीत. हुबेहूब तसाच पडदा आणि तसाच आवाज काढणारी बनावट ॲप्स आहेत. स्क्रीनशॉट आला म्हणजे तर मुळीच नाही. तुमच्या फोनवर "खात्यात जमा" असा मेसेज आला, तरी थांबा. मेसेज कुणीही टाइप करून पाठवू शकतो, तो बँकेकडूनच आलाय याला पुरावा काय? पैसे आले याचा अर्थ एकच. तुम्ही स्वतः, तुमच्या स्वतःच्या फोनवर बँकेचं ॲप उघडलं, खात्याचा उतारा पाहिला आणि शिल्लक वाढलेली दिसली. बस्स. समोरचा कितीही तोंड वाकडं करो, ही दोन मिनिटं घ्यायचीच. मी तर म्हणतो, सौदा ठरतानाच सांगून टाका, "माझ्या ॲपात दिसल्यावर वस्तू देणार हं." मग कुणाला राग येत नाही.

पैसे कसे घ्यायचे? यूपीआयवर एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला साधारणपणे दिवसाला १ लाखापर्यंत पाठवता येतात. त्याहून मोठी रक्कम असेल तर आयएमपीएस आहे, त्याची मर्यादा ५ लाखांची आणि ते चोवीस तास चालतं. २ लाखांच्या वर आरटीजीएस. एनईएफटी मात्र दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी पुढे सरकतं, त्यामुळे "पाठवलेत, येतीलच" असं म्हणायला तिथे वाव राहतो. येतील तेव्हा वस्तू द्या, तोवर चहा पाजा. चेक घेतलात तर तो वटून रक्कम खात्यात पक्की होईपर्यंत वस्तू घरातच. आणि बँकेत भरल्याची पावती म्हणून कुणी चिठोरं दाखवलं, तर ते फक्त कागद आहे.

इथे नव्या गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक शब्द. एखाद्याने नुकताच मोबाइल बदलला असेल किंवा यूपीआय नव्याने सुरू केलं असेल, तर पहिल्या २४ तासांत त्याला ५००० रुपयांच्या आसपासच पाठवता येतात. पुष्कळदा प्रामाणिक माणसाचा व्यवहार तिथेच अडकतो आणि आपल्याला वाटतं हा लबाड आहे. बिचारा घामाघूम होतो. अशा वेळी ५००० विसार घ्या, वस्तू त्याच्या नावाने बाजूला ठेवा, बाकीचे उद्या. खरा असेल तो उद्या येईल.

पिन आणि क्यूआर कोड याबद्दल आपण आधीच्या भागांत बोललो आहोत, तरी एका वाक्यात सांगतो: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. विकणारे तुम्ही आणि कोड स्कॅन करायचा तुम्हीच, असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. दोन व्यक्तींमधल्या "पैशांची विनंती" पाठवण्याच्या सोयीचा इतका गैरवापर झाला, की एनपीसीआयने ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली. पण व्यापाऱ्याच्या नावाने विनंती अजूनही येऊ शकते, म्हणून डोळे उघडे हवेतच. गिऱ्हाइकाने पाठवलेली कुठलीही एपीके फाइल किंवा "स्क्रीन दाखवा" म्हणणारं ॲप घ्यायचं कारणच नाही. वस्तू विकायला ॲप कशाला लागेल?

आता ज्यात शहाणी माणसंही अडकतात असा प्रकार. यात खोटं कार्ड नसतं, खोटा स्क्रीनशॉट नसतो. वस्तू खरी, विकणारा खरा, घेणाराही खरा. मधला तेवढा खोटा.

समजा तुम्ही इंदूरला आहात आणि तुमचा कॅमेरा ९० हजारांना विकायला टाकलाय. एक माणूस फोन करतो, घासाघीस न करता ८८ हजारांना कबूल होतो. त्याच दिवशी तो तुमचेच फोटो उचलून दुसरीकडे ६० हजारांची जाहिरात टाकतो. त्या जाहिरातीला खरं गिऱ्हाईक सापडतं. त्याला तो सांगतो, "कॅमेरा माझ्या मेहुण्याकडे आहे, जाऊन बघ, पण किमतीचं त्याच्याशी बोलू नकोस, आमचा घरचा हिशेब आहे." आणि तुम्हाला सांगतो, "मी गावाला आहे, माझा भाचा येतोय बघायला. त्याला किंमत सांगू नका, त्याला भेट द्यायचीय." झालं. दोघे समोरासमोर बसता, चहा पिता, कॅमेरा हाताळता, आणि पैशाबद्दल अवाक्षर काढत नाही. गिऱ्हाईक मध्यस्थाला ६० हजार पाठवतं आणि कॅमेरा उचलायला लागतं. तुम्ही म्हणता, पैसे कुठे आले? ते म्हणतं, आत्ता तर दिले! मध्यस्थाचा फोन तोवर बंद. आता दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना चोर म्हणत भांडतात. गाड्यांच्या बाबतीत हा खेळ फार चालतो.

यावरचा उपाय फुकटचा आहे. वस्तू बघायला जो येईल त्याच्याशी किमतीचं मोकळं बोलायचं. "तुम्ही किती देताय, आणि कुणाला?" एवढं विचारलं की अख्खा डाव उधळतो. कुणी किंमत लपवायला सांगितली, तर कारण कितीही गोड असो, तीच धोक्याची घंटा समजा.

याच प्रकाराची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. समजा पैसे तुमच्या खात्यात खरोखर आले, तुम्ही ॲप उघडून पाहिले, वस्तू दिली. आठवडाभराने दूध आणायला गेलात आणि यूपीआय चालेना. बँकेत विचारलं तर कळतं, परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून तुमच्या खात्यातली रक्कम, कधी कधी अख्खं खातं, गोठवलंय. का? तर तुमच्या गिऱ्हाइकाने तुम्हाला दिलेला पैसा त्याचा नव्हताच. तिसऱ्याच एखाद्या म्हाताऱ्याला फसवून तो काढलेला होता. त्या म्हाताऱ्याने १९३० क्रमांकावर तक्रार केली, आणि पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला ती साखळी पकडत पोलीस तुमच्यापर्यंत आले. पैसा थांबवणं हेच त्या यंत्रणेचं काम आहे, आणि त्यामुळे कित्येकांचे पैसे वाचतात. पण साखळीत तुमचं नाव आहे, आणि तुम्ही गुन्हेगार नाही हे दाखवायची पाळी आता तुमच्यावर आली. ठगांना महागडे फोन आणि सोनं का आवडतं, याचं उत्तर यातच आहे. चोरीचा पैसा खात्यात ठेवला तर पकडला जातो, म्हणून तो चटकन वस्तूत बदलायचा. वस्तू पुढे विकता येते.

म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे तो हा: जो वस्तू नेणार, त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे यायला हवेत. खात्यात जमा झालेल्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. ते नाव आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातातलं मूळ ओळखपत्र जुळवून बघा. फोटो नव्हे, मूळ कार्ड. "मित्राच्या खात्यातून टाकतो", "दोन-तीन जणांकडून थोडे थोडे येतील", "ऑफिसच्या खात्यातून येतील" असं आलं की नम्रपणे नाही म्हणा. ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले आणि वरचे अमुक खात्यावर परत पाठवा म्हणाले, तर हात लावू नका. बँकेला लेखी कळवा आणि ज्या खात्यातून आले तिथेच, बँकेमार्फत, परत जाऊ द्या.

सोबत एक साधी विक्रीची पावती करा. वस्तूचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक किंवा आयएमईआय, किंमत, तारीख-वेळ, पैसे कसे आले त्याचा व्यवहार क्रमांक, दोघांची नावं, पत्ते, सह्या. साध्या वहीच्या पानावर चालेल. खातं गोठलंच, तर हा कागद, चॅट आणि वस्तूचं मूळ बिल घेऊन तुम्ही बँकेत आणि तपास अधिकाऱ्याकडे जाऊ शकता. काही ताई म्हणतात, एवढं कुणी सही करतं का? करतं. खऱ्या गिऱ्हाइकाला तर तो कागद हवाच असतो, कारण उद्या "हा फोन चोरीचा आहे" असं कुणी म्हणालं तर त्यालाही पुरावा लागतो. जो सहीला टाळाटाळ करतो, त्याला वस्तूही देऊ नका.

रोखीचं काय? रोखीत गोठवागोठवी नाही हे खरं, पण एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, आणि तोही घेतलेल्या रकमेइतका! "आज दीड लाख, उद्या पन्नास हजार" अशी पळवाटही चालत नाही, सौदा एकच धरतात. त्याच्या आतली रोख असेल तर भेट बँकेच्या शाखेतच ठरवा. नोटा तिथेच मोजून, तपासून खात्यात भरल्या जातात आणि मगच वस्तू हातात जाते.

भेटीची जागाही याच न्यायाने. लहान वस्तू असेल तर दिवसाढवळ्या बँक, मॉल, वर्दळीचं हॉटेल. घरी बोलवावंच लागलं, उदाहरणार्थ कपाट किंवा टीव्ही असेल, तर घरात दुसरं माणूस हवं आणि विकायची वस्तू पुढच्या खोलीत आणून ठेवलेली हवी. दागिने घरी दाखवू नका. सोनं तर अनोळखी माणसाला विकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, चार पैसे कमी आले तरी बिल देणाऱ्या सराफाकडे जा.

फोन किंवा लॅपटॉप देताना आपलं गूगल किंवा ॲपलचं खातं त्यातून आधी काढा, मग सगळं पुसा. नुसतं पुसलं आणि खातं राहिलं, तर घेणाऱ्याला फोन उघडताच येत नाही, आणि मग रात्री अकराला त्याचा फोन येतो, "पासवर्ड सांगा." तो कुणालाच सांगायचा नसतो.

गाडीचं प्रकरण वेगळं. इथे पैसे मिळाले तरी तुमची सुटका होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे विक्री झाल्याचं आरटीओला विकणाऱ्यानेही कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत. फॉर्म २९ तुमचा, फॉर्म ३० घेणाऱ्याचा. आपल्या बाहेरच्या राज्यांतल्या मंडळींना यात एक जास्तीचं काम आहे: एमएच पासिंगची गाडी बंगळूरला किंवा रायपूरला विकायची, तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून बदलीची ऑर्डर आली की आधी तिकडे अर्ज करा, जाहिरात नंतर. "नाव मी करून घेतो, तुम्ही फक्त सह्या करून द्या" म्हणणाऱ्यावर गाडी सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल याबाबत डोळे उघडणारा आहे. मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती, पुढे ती आणखी काही हातांतून गेली, २००९ मध्ये अपघात झाला. आरटीओच्या नोंदीत नाव अजून पहिल्याचंच होतं. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली.

आता पैठणीवाल्या ताईंकडे वळू, कारण त्यांचं गिऱ्हाईक समोर कधी येतच नाही. वस्तू कुरियरनेच जाणार. नियम सोपा: पूर्ण पैसे आधी, पार्सल नंतर. पण तिकडच्या माणसालाही हीच भीती असते ना, की पैसे घेऊन ही बाई गायब झाली तर? मग त्याची भीती घालवायचं काम आपलं. व्हिडिओ कॉल करा, साडी उलगडून काठ आणि पदर दाखवा, मागची बाजू दाखवा, दिवसाच्या उजेडात रंग दाखवा. जुन्या ग्राहकाची परवानगी घेऊन तिच्याशी बोलणं करून द्या. पहिला सौदा लहान करा. चाळीस हजारांच्या पैठणीआधी चार हजारांची साडी जाऊ द्या. मग नातं आपोआप तयार होतं.

पार्सल भरताना सलग, न कापलेला व्हिडिओ काढा: वस्तू, तिची खूण, वजनकाट्यावरचं वजन, चिकटपट्टी, पत्ता. परत आलेलं पार्सल उघडतानाही तसाच. साडी बदलून दुसरीच परत आली, तर वजन आणि व्हिडिओ याशिवाय तुमच्या हातात काही नसतं. विमा उतरवा आणि खरी किंमत लिहा. विमा वाचवायला ४० हजारांची वस्तू ५०० रुपयांची लिहिली तर हरवल्यावर ५०० च मागता येतील. घरपोच झाल्यावर पैसे ही सोय महागड्या वस्तूला मी तरी देणार नाही. क्रेडिट कार्डाने पैसे घेत असाल तर लक्षात ठेवा, ग्राहक बँकेकडे हरकत घेऊ शकतो आणि पोचल्याचा पुरावा नसेल तर रक्कम परत वळते होते. म्हणून सही घेणारी किंवा ओटीपीवर देणारी सेवाच निवडा. पत्ता मध्येच बदला म्हणाले, तर नव्याने बोलून खात्री करा, नुसत्या मेसेजवर बदलू नका.

आणि इतकं करूनही फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, घरच्यांना लगेच सांगा. पैसे खात्यातून गेले असतील तर आधी १९३० वर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, मग बँकेला लेखी. १९३० हा आकडा मघाच्या कायद्याच्या सालाशी जुळतो हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. पहिल्या काही तासांत फोन झाला तर पैसा पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरी असते. दोन दिवसांनी तो एटीएममधून निघून गेलेला असतो. वस्तू गेली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा आणि घेणाऱ्याला सौदा रद्द केल्याचं लेखी कळवा. मेसेज, ईमेल, जे हाताशी असेल ते. २९ वं कलम आठवा, तुम्ही रद्द करायच्या आत वस्तू पुढे विकली गेली तर हक्क सांगणं अवघड होतं. फोन गेला असेल तर तक्रारीची प्रत जोडून संचार साथीच्या पोर्टलवरून आयएमईआय बंद करवता येतो. चॅट पुसू नका, राग आला म्हणून नंबर ब्लॉकही करू नका, तो पुरावा आहे.

पुढच्या भागात टेबलाच्या पलीकडे बसू: जुनी वस्तू विकत घेणाऱ्याने काय बघावं. तुमचे प्रश्न खाली लिहा.